"आत काही नाही" असं म्हणतात ते नॅशनल बिल्डिंग म्युझियम कसं बघावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाची विद्यार्थिनी सुट्टीत भावाकडे व्हर्जिनियाला जाते आहे. वॉशिंग्टनमधलं नॅशनल बिल्डिंग म्युझियम, म्हणजे वास्तुकला, डिझाइन आणि बांधकाम या विषयांचं राष्ट्रीय संग्रहालय, बघायचं तिच्या मनात आहे. पण तिथे जाऊन आलेली मैत्रीण म्हणाली, "आत काही नाही, नुसता मोठा हॉल आहे." पुढच्या वर्षी थिसिससाठी जुन्या इमारतीचं संग्रहालय करण्याचा विषय घ्यायचा विचार आहे. तर तिथे अर्धा दिवस घालवावा का, आणि बघावं काय?

अर्धा दिवस जरूर घालवा, जमलं तर पूर्ण. तुमच्या मैत्रिणीने पाहिलं ते बरोबर पाहिलं. मधला हॉल रिकामाच असतो. मी तीस वर्षं जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं करते आहे, आणि त्या जोरावर सांगते की तिथे सगळ्यात निगुतीने जपलेली गोष्ट म्हणजे ती मोकळी जागा. ती मुळात कुणासाठी सोडली होती आणि मधल्या काळात ती कशी भरली गेली, हे कळलं की दिवस पुरत नाही.

ही इमारत संग्रहालयासाठी बांधलेली नाही. ती कचेरी होती, पेन्शन कचेरी. अमेरिकेचं यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं. उत्तरेच्या बाजूने लढलेले जखमी सैनिक, मेलेल्यांच्या विधवा, पोरकी मुलं, यांचं निवृत्तिवेतन सरकारने मान्य केलं होतं. १८७९ मध्ये मागची थकबाकी देण्याचा कायदा झाला आणि अर्जांचा पूर लोटला. प्रत्येक अर्जामागे जखमेचा पुरावा, लग्नाचा दाखला, पलटणीची नोंद. हे कागद तपासायला सुमारे १,५०० कारकुनांना बसायला जागा हवी होती. पुढे १८९० च्या दशकात तर केंद्र सरकारच्या खर्चातला एक तृतीयांशाहून मोठा वाटा एकट्या पेन्शनवर जात होता. एवढ्या कुटुंबांच्या चुली ज्या कागदांवर चालायच्या, ते कागद जळता कामा नयेत, ही पहिली अट. आणि इमारत स्वस्तात व्हायला हवी, ही दुसरी.

काम मिळालं माँटगोमेरी मेग्स यांना. हे नाव तुम्हाला अभ्यासक्रमात भेटलं नसेल. ते पेशाने लष्करातले अभियंते. वॉशिंग्टन शहराला पाणी पुरवणारी कालव्याची योजना त्यांची. त्या कालव्यासाठी त्यांनी बांधलेला केबिन जॉनचा पूल २२० फुटांच्या एकाच दगडी कमानीवर उभा आहे, आणि जवळजवळ चाळीस वर्षं ती जगातली सगळ्यात लांब दगडी कमान होती. अमेरिकेच्या संसद भवनाच्या, म्हणजे कॅपिटॉलच्या, लोखंडी घुमटाच्या कामावरही ते देखरेखीला होते. युद्धात ते उत्तरेच्या सैन्याचे क्वार्टरमास्टर जनरल होते, म्हणजे लाखो सैनिकांचे बूट, तंबू, घोडे, गाड्या, धान्य वेळेवर पोचवणारा माणूस. त्यांचा स्वतःचा मुलगा १८६४ मध्ये त्याच युद्धात मारला गेला. १८८२ मध्ये हे काम हाती घेतलं तेव्हा ते ६६ वर्षांचे होते. इमारत बघताना हे सगळं मनात ठेवा. जखमी माणसाला काय सोसतं आणि काय सोसत नाही, हे ठाऊक असलेल्या माणसाने ती आखली आहे.

१८८२ ते १८८७ अशी पाच वर्षं काम चाललं. त्याच सुमारास आपल्याकडे मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस उभं राहत होतं. तिथे दगड, कोरीवकाम, रंगीत काच. इथे वीट. १ कोटी ५५ लाख विटा! खर्च सुमारे ८ लाख ८६ हजार डॉलर. इमारत ४०० फूट लांब, २०० फूट रुंद, आणि कंगणीपर्यंत, म्हणजे भिंतीच्या माथ्यावर पुढे आलेल्या पट्टीपर्यंत, ७५ फूट उंच. बाहेरचा तोंडवळा रोमच्या पलाझो फार्नेझे या राजवाड्यावरून घेतला आहे, पण दुपटीने मोठा. विटेची निवड का, हे विद्यार्थ्यांना मी नेहमी विचारते. उत्तर येतं, स्वस्त म्हणून. ते अर्धं उत्तर झालं. वीट आधीच भट्टीतून निघालेली असते, ती पुन्हा काय जळणार? लोखंडी तुळया आगीत तापून वाकतात, लाकूड तर पेटतंच. म्हणून कारकुनांच्या खोल्यांची छतंसुद्धा मेग्स यांनी विटांच्या कमानींनी तोलली. एखाद्या प्रदर्शनाच्या दालनात शिरलात की आधी मान वर करा. कमानीचा उठाव, भिंतीवर ती जिथे टेकते ती जागा आणि दोन कमानींच्या मधली खोबण नीट बघा. आमच्याकडचे जुने गवंडी असं छत बघून विटेवर हात फिरवतात, तसा तुम्हीही कडेच्या भिंतीवर फिरवून बघा.

ही अट किती खरी होती ते शेजारच्याच एका घटनेवरून कळतं. लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली ते फोर्ड्स थिएटर इथून चालत जाण्याइतकं जवळ आहे. पुढे सरकारने ते नाट्यगृह ताब्यात घेऊन तिथे युद्धखात्याची नोंदी आणि पेन्शनची कचेरी बसवली. ९ जून १८९३ रोजी तळघरात खोदकाम चालू असताना एका खांबाचा आधार निसटला, मजले कोसळले आणि २२ कारकून मेले. त्याच युद्धाच्या नोंदी हाताळणारे कारकून, तेच शहर. एका ठिकाणी जुन्या इमारतीत जमेल तसं सामान आणि माणसं कोंबली होती, दुसरीकडे माणसं बसणार हे धरून इमारत बांधली होती. वेळ असेल तर दोन्ही ठिकाणं एकाच दिवशी बघा.

आता त्या हॉलकडे येऊ. लांबी ३१६ फूट, रुंदी ११६ फूट, मधल्या भागात उंची १५९ फूट. म्हणजे पंधरा मजली इमारत आत मावेल. चार मजले भोवती आणि मध्ये हा चौक. चौक हा शब्द मी मुद्दाम वापरते. वाड्यात चौक असतो, भोवती ओसरी असते, ओसरीला लागून खोल्या. उन्हाळ्यात तापलेली हवा चौकातून वर जाते आणि खोल्यांमधून गार हवा आत ओढली जाते. मेग्स यांच्यापुढे रोमच्या राजवाड्यांचे चौक होते, विशेषतः पलाझो देला कांचेलेरियाचा. पण तत्त्व तेच. त्यांनी चौकावर छप्पर घातलं आणि छपराखाली चारी बाजूंना उंचावर खिडक्यांच्या ओळी ठेवल्या. त्यांतून उजेड आत येतो आणि गरम हवा बाहेर जाते. बाहेरच्या भिंतीत प्रत्येक खिडकीखाली तीन विटा बसवल्याच नाहीत. तेवढ्या फटीतून बाहेरची हवा आत यायची, हिवाळ्यात ती खिडकीखालच्या वाफेच्या रेडिएटरवरून ऊब घेऊन खोलीत शिरायची, खोलीतून कमानींच्या ओसरीत, ओसरीतून हॉलमध्ये आणि तिथून वर. पंखा नाही, मोटर नाही. तीन विटा कमी आणि मध्ये मोठी पोकळी, एवढ्यावर १,५०० माणसांचा श्वास चालायचा.

तो काळ लक्षात घ्या. त्या वेळच्या सरकारी कचेऱ्या म्हणजे लांब अंधारे बोळ, दोन्हीकडे खोल्या आणि दिवसभर गॅसचे दिवे. मेग्स यांनी बोळ काढूनच टाकला. प्रत्येक खोलीला दोन बाजूंनी उजेड मिळतो, एक रस्त्याच्या बाजूने आणि एक हॉलच्या बाजूने. येण्याजाण्याची वाट म्हणजे हॉलभोवतीची कमानदार ओसरी. कागदांच्या टोपल्या हातांनी वाहायला लागू नयेत म्हणून लोखंडी रूळ फिरवून त्यांवरून टोपल्या सरकवायची सोय होती. कारकुनाच्या पाठीचाही कुणी विचार केला होता, हे त्यातून मला दिसतं.

आणि जिने. हे मात्र चुकवू नका. लिफ्ट घेऊ नका, चालत चढा. पेन्शनीसाठी येणाऱ्यांत लाकडी पायांचे, कुबड्यांवरचे सैनिक असायचे. म्हणून पायऱ्या मुद्दाम कमी उंचीच्या आणि भरपूर रुंद ठेवल्या आहेत. पहिल्यांदा गेले तेव्हा दुसऱ्या मजल्यावर पोचल्यावर माझ्या लक्षात आलं की आपल्याला दम लागलेला नाही. मग खाली येऊन टेप काढली आणि पायरी मोजली. तुम्हीही मोजा आणि आकडा वहीत लिहा, कारण कॉलेजात आपण अपंगांसाठीच्या सोयी म्हणजे दाराशी एक रॅम्प असं शिकतो. इथे १८८० च्या दशकात अख्खा जिनाच जखमी पायाच्या मापाने बांधला आहे, आणि तरी तो देखणा आहे.

हॉलमधले आठ कोरिंथियन खांब, म्हणजे माथ्यावर पानांची नक्षी असलेले, सगळेजण बघतात. ७५ फूट उंच, बुंध्याशी ८ फूट व्यास, म्हणजे घेर २५ फूट. इमारतींच्या आतल्या खांबांत जगातले अतिउंच म्हणून त्यांची गणना होते. पर्यटक ते संगमरवरी समजून फोटो काढतात. ते संगमरवरी नाहीत. एकेका खांबात सुमारे ७०,००० विटा आहेत, वरून गिलावा आणि त्यावर सिएनाच्या संगमरवरासारख्या दिसणाऱ्या शिरा रंगाने काढलेल्या. मला ही फसवणूक वाटत नाही. संगमरवराला पैसे नव्हते, तेव्हा रंगाऱ्याच्या हातावर भरवसा ठेवला. जवळ जाऊन शिरांची वळणं बघा, कुंचला कुठे दाबला आणि कुठे हलका सोडला ते कळतं. भोवतालच्या ओसरीत खाली साध्या माथ्याचे ७२ डोरिक खांब आणि वरच्या मजल्यावर माथ्याला वेटोळी असलेले ७२ आयोनिक खांब आहेत, वरचे बिडाचे आणि आतून पोकळ. मेग्स यांनी काही पोकळ खांबांत त्या काळची कागदपत्रं घालून ठेवल्याचंही सांगतात.

इमारत झाली तेव्हा तिचं कौतुक झालं असेल असं वाटेल. तसं झालं नाही. संगमरवरी देवळांसारख्या इमारतींच्या शहरात हा लाल विटांचा ठोकळा लोकांना खुपला. मेग्सचं लाल कोठार असं तिला हिणवायचे. जनरल फिलिप शेरिडन यांना दाखवायला नेलं तेव्हा, ही आगीत जळणार नाही हीच काय ती वाईट गोष्ट, असं ते म्हणाले असा किस्सा सांगतात. हॉल मात्र पहिल्यापासून लोकांनी आपलासा केला. काम पुरं व्हायच्या आधीच, १८८५ मध्ये, राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांच्या शपथविधीचा नृत्यसमारंभ तिथे झाला. छप्पर अपुरं होतं म्हणून तात्पुरतं आच्छादन घातलं होतं.

१९२६ मध्ये पेन्शन कचेरी तिथून गेली आणि हिशेब तपासणारं खातं आलं. मग जे प्रत्येक मोठ्या जागेचं होतं ते झालं. पोकळी म्हणजे वाया जाणारी जागा असं समजून हॉलमध्ये टेबलं आणि फायलींची कपाटं मांडली गेली. नंतर आणखी खाती आली, गेली. १९६० च्या दशकात इमारत पाडायच्या गोष्टी सुरू झाल्या.

तुमच्या थिसिससाठी सगळ्यात कामाचा भाग इथून पुढचा आहे. १९६७ मध्ये सरकारच्या इमारत खात्याने क्लोथिएल वुडर्ड स्मिथ या वास्तुविशारद बाईंना या इमारतीचं काय करता येईल याचा अहवाल मागितला. वॉशिंग्टनमध्ये त्यांचं नाव मोठं होतं. शहराच्या नैर्ऋत्य भागात जुनी वस्ती पाडून जे नवं बांधकाम झालं त्यात त्यांचा वाटा होता, म्हणजे जुन्याला कवटाळून बसणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या. पण तिथल्याच हार्बर स्क्वेअर या गृहसंकुलात त्यांनी १७९० च्या दशकातली जुनी घरं न पाडता नव्या इमारतींमध्ये गुंफून घेतली होती. पेन्शन इमारतीबद्दल त्यांनी सुचवलं, हिला बांधणीच्या कलांचं संग्रहालय करा. मला ही सूचना विलक्षण वाटते, कारण त्यांनी इमारतीला नवा पोशाख चढवायला सांगितलं नाही. जी इमारत स्वतःच बांधकामाचा धडा आहे, तिला त्याच धड्याची शाळा करा, एवढंच सांगितलं. १९६९ मध्ये इमारत राष्ट्रीय वारसास्थळांच्या नोंदवहीत आली, १९८० मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा करून संग्रहालयाला मान्यता दिली, १९८५ मध्ये ते लोकांसाठी उघडलं.

तो कायदा मिळवून वाचा, छोटासाच भाग आहे. बांधणीच्या कला म्हणजे काय, याची त्यात व्याख्या आहे. त्यात वास्तुकला आहे, पुरातत्त्व आहे, अभियांत्रिकी आहे, उद्यानरचना आहे, नगररचना आहे, संवर्धन आहे, आणि त्याच दमात कौशल्यं, कारागिरी आणि हातधंदे आहेत. म्हणजे गवंडी, सुतार, लोहार हे कायद्याच्या शब्दांत वास्तुविशारदाच्या पंगतीला बसले आहेत. आपल्याकडे इमारतीच्या कोनशिलेवर मंत्र्याचं नाव असतं, ठेकेदाराचं असतं, कधी वास्तुविशारदाचं असतं. गवंड्याचं नाव मी क्वचितच पाहिलं आहे. म्हणून ती व्याख्या मला भावते.

व्यवस्थाही समजून घ्या, कारण थिसिसच्या तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न पैशाचाच येतो. इमारत सरकारच्या मालकीची राहिली. संग्रहालय मात्र ना-नफा खासगी संस्था आहे, आणि प्रदर्शनांचा खर्च तिने देणग्या, तिकिटं आणि हॉल समारंभांना भाड्याने देऊन उभा करायचा. म्हणूनच आजूबाजूची स्मिथसोनियनची संग्रहालयं फुकट असताना इथल्या प्रदर्शनांना तिकीट लागतं, आणि म्हणूनच कधी कधी हॉल एखाद्या समारंभासाठी बंद असतो. जायच्या आधी दिवस आणि वेळ नक्की पाहून घ्या. नाहीतर दारातून परत यावं लागेल.

प्रदर्शनं कडेच्या खोल्यांमध्ये, म्हणजे कारकुनांच्या जुन्या खोल्यांत असतात. त्या फार मोठ्या नाहीत, एकापुढे एक उघडत जातात. काही प्रदर्शनं उत्तम, काही पोकळ. २०१८ मध्ये भाडं थकलं म्हणून घरातून काढल्या जाणाऱ्या कुटुंबांवर तिथे प्रदर्शन होतं. डिझाइनच्या संग्रहालयात हा विषय कशाला, असं कुणी म्हणेल. मला तो तिथेच असावा असं वाटतं, कारण घराचं डिझाइन त्या घरात कोण राहू शकतं यापासून सुरू होतं. संग्रहात टेराकोटाच्या, म्हणजे भाजलेल्या मातीच्या कामाच्या, जुन्या कारखान्यांची रेखाटनं आहेत, इमारतींचे जुने फोटो आहेत, आणि लहान मुलांच्या बांधकामाच्या खेळण्यांचा मोठा साठा आहे. ठोकळे, लोखंडी पट्ट्या, छोट्या विटा. आपल्यापैकी किती जण अशा ठोकळ्यांमुळे या पेशात आले! पण या संग्रहातलं थोडंच एका वेळी मांडलेलं असतं, आणि माझी तक्रार असेल तर ती हीच. वस्तूंचा भरणा बघायची सवय असलेला माणूस तिथून निराश होऊन निघतो, तुमच्या मैत्रिणीसारखा.

हॉलमध्ये मात्र दरवर्षी उन्हाळ्यात काहीतरी तात्पुरतं उभं करायची प्रथा काही वर्षं चालली. २०१४ मध्ये वास्तुविशारद ब्यार्क इंगेल्स यांच्या बिग या संस्थेने प्लायवुडचा चक्रव्यूह बांधला. नेहमीच्या चक्रव्यूहात आत जावं तशी वाट हरवते. इथे उलट होतं, भिंती मध्याकडे उतरत गेल्या होत्या, त्यामुळे मध्यभागी पोचलं की सगळी वाट एका नजरेत उलगडायची. पुढच्या वर्षी पांढऱ्या अर्धपारदर्शक प्लॅस्टिकच्या लाखो चेंडूंचा समुद्रकिनारा केला. २०१७ मध्ये वास्तुविशारद जीन गँग यांच्या स्टुडिओने जाड कागदाच्या २,७०० हून अधिक नळकांड्या एकमेकांत अडकवून उंच घुमट उभे केले. त्यांचा आकार टांगलेली साखळी उलटी केली तर दिसेल तसा, म्हणजे वजन ज्या वाटेने सहज खाली उतरतं त्या वाटेचा. विटांच्या खांबांशेजारी कागदाचे घुमट, आणि दोन्हींचं भार तोलण्याचं गणित एकच. असं काही तुम्ही जाल तेव्हा असेलच असं नाही. असलं तर बघा, नसलं तरी वाईट वाटून घेऊ नका. खरी गोष्ट ही की हे सगळं आलं आणि गेलं. भिंतीला, जमिनीला कायमचं काही चिकटवलं नाही. उन्हाळा संपला की हॉल पुन्हा मोकळा.

याच्या शेजारी आपल्याकडचं एक उदाहरण ठेवून बघा. मुंबईत फोर्टमध्ये नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट आहे ती सर कावसजी जहांगीर हॉलमध्ये. १९११ चा हॉल, वास्तुविशारद जॉर्ज विटेट. सभा आणि मैफिली व्हायच्या तिथे. १९९६ मध्ये ती गॅलरी झाली तेव्हा हॉलच्या पोटात एकावर एक पातळ्यांची दालनं घातली गेली. चित्रं टांगायला भिंती हव्यात, त्यामुळे तो निर्णय समजण्यासारखा आहे, आणि त्या जिन्याने वर चढत जाण्यात एक मजा आहे. पण जुना हॉल एकसंध कसा दिसत असेल, तिथली टाळी कशी घुमत असेल, हे आता मनातच उभं करावं लागतं. थिसिसमध्ये ही दोन टोकं समोरासमोर मांडा. एका ठिकाणी नव्या कामासाठी पोकळी वापरली, दुसऱ्या ठिकाणी नवं काम कडेच्या खोल्यांत ढकललं आणि पोकळी तशीच ठेवली. दुसरा मार्ग फार महाग पडतो, कारण चौरस फुटाचा हिशेब मांडणाऱ्याला ती जागा नेहमी वायाच दिसते.

मी स्वतः एकदा हा वाद हरले आहे. तालुक्याच्या एका गावी जुन्या कचेरीचं वाचनालय आणि छोटं संग्रहालय करायचं होतं. मध्ये चौक, भोवती चुन्यातल्या विटांच्या भिंती. निर्णय घेणाऱ्यांना चौक म्हणजे मोकळा प्लॉट वाटला. मी नकाशे काढले, समजावलं, पण चौकावर पत्रे पडले, खाली कपाटं लागली आणि भिंतींना सिमेंटचा गिलावा झाला. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. तिला सिमेंटने कोंडलं, वर चौकातून निघणारी हवाही कोंडली. दोन पावसाळ्यांत गिलाव्याला फोड आले, पुस्तकांना बुरशी धरली. तेव्हा वॉशिंग्टनच्या त्या तीन न बसवलेल्या विटा मला फार आठवल्या. तुमच्या थिसिसच्या इमारतीत शिरलात की कुठे काय मांडायचं हे ठरवायच्या आधी हवा कुठून येते आणि कुठून जाते हे शोधा. उदबत्ती पेटवून धूर कुठे वळतो ते बघितलं तरी चालतं. माझे पहिले गुरू, एक वयस्क गवंडी, तसंच करायचे.

वॉशिंग्टनला जायचं तर मेट्रोच्या लाल मार्गाने ज्युडिशियरी स्क्वेअर स्टेशनवर उतरा. एफ स्ट्रीटच्या बाजूने सरकत्या जिन्याने वर आलात की इमारत थेट समोर उभी असते. उन्हाचा दिवस निवडा, म्हणजे वरच्या खिडक्यांतून उजेड खांबांवर कसा फिरतो ते दिसेल. आधी हॉलमध्ये मधल्या कारंज्यापाशी दहा मिनिटं नुसतं बसा. मग जिन्याने वर, प्रत्येक मजल्यावरच्या ओसरीतून एक फेरी. रेखाटन करायचं तर सगळ्यात वरच्या ओसरीच्या कोपऱ्यातून करा. तिथून खांबांचे नक्षीदार माथे जवळजवळ डोळ्यांच्या पातळीवर येतात आणि छपराच्या लोखंडी कैच्याही नीट दिसतात. प्रदर्शनं त्यानंतर.

आणि निघताना सरळ स्टेशनकडे जाऊ नका. इमारतीला बाहेरून पूर्ण प्रदक्षिणा घाला. खालच्या मजल्याच्या खिडक्यांवरून टेराकोटाचा एक पट्टा चारी बाजूंनी फिरतो. उंची फक्त ३ फूट, लांबी १,२०० फूट. शिल्पकार कास्पर बुबर्ल. एवढं सगळं नव्याने घडवायला पैसे नव्हते, म्हणून २८ तुकडे घडवले, त्यांचे साचे केले आणि तेच तुकडे क्रम बदलून, कापून जोडून पुन्हा पुन्हा वापरले. पेणच्या गणपतींच्या कारखान्यात साच्यातून मूर्ती निघतात ते पाहिलं असेल तर ही युक्ती लगेच कळेल. चालणारं पायदळ, घोडेस्वार, तोफा, नावाडी, जखमींना नेणारे लोक. एकही सेनापती नाही. जे पुढे पेन्शन मागायला या दारांतून आत जाणार होते, तेच भिंतीवर चालत आहेत.

पश्चिमेच्या दारावर थांबा. ते क्वार्टरमास्टर खात्याचं दार, म्हणजे मेग्स यांच्या स्वतःच्या खात्याचं. तिथे सामानाची गाडी हाकणारा एक माणूस आहे. तो गाडीवाला कृष्णवर्णीयच असला पाहिजे, युद्धामुळे गुलामीतून सुटलेला, असा मेग्स यांनी आग्रह धरला होता आणि शिल्पकाराला तसं कळवलं होतं. दुपारनंतर पश्चिमेचं ऊन तिरपं पडतं तेव्हा त्याचा चेहरा उठून दिसतो. दुर्बीण किंवा मोठ्या झूमचा कॅमेरा असेल तर बरोबर ठेवा.